ओंगणापासून इंजिन-तेलापर्यंत

कमलादेवीच्या यात्रेस बैलगाडीनें करमाळ्यास येणाऱ्या शेतकऱ्याला मोटारीचें नांव ठाऊक नव्हतें, तेव्हांही ओंगणाचें मर्म ठाऊक होतें. आंख कोरडा पडला कीं चाक कुरकुरे, लाकूड झिजे आणि सारा भार बैलांच्या मानेवर येई.

आगगाडीच्या आरंभींच्या इंजिनांनाही तेलपाण्यासाठीं थांबावें लागे. इलायजा मॅकॉय यानें १८७२ सालीं इंजिनांत आपोआप तेल पाझरविणाऱ्या साधनाचें पेटंट मिळविलें. त्याचे आईबाप गुलामगिरींतून निसटलेले होते, हें विसरतां येत नाहीं.

मोटारीची गोष्ट निराळी. ओंगण खर्ची पडतें. येथें तेंच तेल इंजिनांत फिरत राहतें आणि काजळी व धातूचा कीस पोटांत घेऊन बिघडतें. म्हणून तें बदलावें लागतें. १९०८ सालच्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’स तळाशीं बूच होतें. गाडीखालीं शिरावें, बूच काढावें, हात काळे करावे! पुढें १९२३ च्या सुमारास तेल गाळणारें फिल्टर निघालें व हा खटाटोप बराच विरळ झाला. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. मोटारी घरोघरीं येण्यास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं.

आतां तेल मोजण्याच्या पट्टीच्या नळींतून पंपानें जुनें तेल वर ओढतां येतें. गाडीखालीं शिरणें नको. इंजिन किंचित् कोमट असावें, म्हणजे तेल सहज वाहतें. उरतो प्रश्न काढलेल्या तेलाचा. करमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत तें विहिरीजवळ ओतणें म्हणजे पिण्याचें पाणी नासविणें. तें डब्यांत भरून गॅरेजांत पोंचवावें.