मूठभर धान्य आणि शाळेची पंगत

शाळेचा इतिहास लिहिला जातो तेव्हा इमारतीच्या पायाभरणीची तारीख, निकालाची टक्केवारी, मुख्याध्यापकांची नामावली आणि स्नेहसंमेलनातील पाहुणे यांची नोंद आवर्जून होते. मधल्या सुट्टीत मुले काय खात होती, कोण कोणाशेजारी बसून खात होते आणि ज्याच्याकडे डबा नव्हता तो त्या वेळी कुठे जात होता, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. वस्तुतः पटावरची मुले टिकतात की गळतात, याचा निर्णय पुष्कळदा त्या अर्ध्या तासातच होत असतो. मराठी मुलखात या अर्ध्या तासाचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा एक धागा भिलाईपर्यंत पोहोचतो.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत आणि शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची सात घरे ठरलेली असत. त्या काळच्या अनेक थोर विद्वानांच्या चरित्रांत हा उल्लेख सापडतो आणि तो कृतज्ञतेनेच केलेला असतो. त्या गृहिणींचे ऋण मोठेच होते. पण त्या दारांवर एक न लिहिलेली पाटीही होती. वार मिळत असे तो प्रामुख्याने ब्राह्मण मुलाला. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला शिकायचे असेल तर त्याने जेवायचे कुठे, या प्रश्नाला माधुकरीच्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. ते शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न कोल्हापुरात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून एकामागून एक विद्यार्थी वसतिगृहे उभी करविली; 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांची ही वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. ज्या समाजाला एकत्र जेवणेच मान्य नव्हते त्याला निदान जेवू घालून शिकवावे, असा तो व्यवहारी मार्ग होता. त्याला आज नावे ठेवणे सोपे आहे. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता.

तो मार्ग पुढे ज्याला दिसला तो तरुण कोल्हापुरातच शिकत होता. कुंभोज येथे 22 सप्टेंबर 1887 रोजी जन्मलेले भाऊराव पाटील जैन वसतिगृहात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ज्याला जेवणाच्या पंगतीतून उठवले गेले त्याने पुढे सर्वांची एक पंगत मांडली, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. परंतु घडले तसेच.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी झाली. 1924 मध्ये संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. एकच चूल, एकच पंगत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. समारंभाचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आहे. येथे महत्त्वाची आहे ती त्यामागची चूल, आणि ती सांभाळली लक्ष्मीबाई पाटील यांनी. जुन्या संस्कारांत वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने रांधून वाढले. पैसा संपला तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि एके दिवशी, घरात धान्याचा कण उरला नाही म्हणून, मंगळसूत्रही गेले. ज्या काळात सवाष्ण स्त्रीने मंगळसूत्र क्षणभरही दूर करणे अभद्र समजत, त्या काळातली ही गोष्ट आहे. 1930 मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही.

एका घरचे सोने कितीही असले तरी शेकडो मुलांच्या भुकेला ते पुरणारे नव्हते. म्हणून ‘मुष्टिफंड’ आला. घरोघरच्या बायांनी दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि ते वसतिगृहासाठी गोळा करून न्यायचे, एवढीच ही योजना. मूठभर ज्वारी म्हणजे ढोबळ हिशेबाने चाळीस-पन्नास ग्रॅम. शंभर उंबऱ्यांच्या गावातून रोजची चार-पाच किलो. दहाबारा वाढत्या मुलांची दिवसभराची भाकरी त्यातून निघते. देणाऱ्या घराला ती मूठ जाणवतही नसेल. पण जिने मूठ टाकली तिला ठाऊक होते की साताऱ्याच्या त्या पंगतीत आपलाही वाटा आहे. जिच्या स्वतःच्या नावावर एक दमडी नसे अशा बाईला देणगीदार करणारी ही योजना होती, आणि हीच तिची खरी थोरवी मानली पाहिजे.

फुकट खाणे मात्र भाऊरावांना मंजूर नव्हते. मुले शेतात राबत, भाजीपाला पिकवीत, स्वयंपाक करीत, भांडी घाशीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य संस्थेच्या बोधचिन्हावर येण्याआधी मुलांच्या तळहातांवर उमटले होते. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. या कॉलेजविषयी एक आख्यायिका सांगतात. मोठी रक्कम देऊ करणाऱ्या एका धनिकाने नाव बदलण्याची अट घातली आणि भाऊरावांनी ती देणगी साफ नाकारली. मूठभर देणाऱ्या हजारो बायांनी कधी नाव मागितले नव्हते. अशा संस्थेला नकार देणे परवडते.

गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे एकशे एक माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प जाहीर केला. हाती फारसे काही नसताना केलेला तो संकल्प होता. त्याच सुमारास मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. पुढे गाडगे महाराजांच्या मध्यस्थीने वाट मोकळी झाली. पैसे जमल्यावर स्वप्न पाहायचे नसते, तर स्वप्न मोठे असले की लोक मुठी उघडतात, असा भाऊरावांचा अनुभव असावा. 9 मे 1959 रोजी ते निवर्तले. आज रयतच्या शाखा शेकडोंनी मोजल्या जातात.

हे सारे मराठी मुलखापुरतेच होते असे नाही. जपानमधील त्सुरुओका येथे 1889 मध्ये बौद्ध भिक्षूंच्या शाळेने गरीब मुलांना भाताचे गोळे आणि खारवलेली मासळी असे जेवण सुरू केले. तेथे शालेय भोजनाचा उगम या घटनेत मानतात. मद्रास महापालिकेने 1920 मध्ये थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत एका मुलामागे दिवसाला एक आण्याच्या मर्यादेत जेवण द्यावयाचे ठरविले. कामराजांनी 1956 नंतर ही कल्पना मद्रास राज्यभर नेली आणि एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 मध्ये तिला विराट रूप दिले.

ज्या 1959 साली भाऊराव गेले त्याच वर्षाच्या 4 फेब्रुवारीस राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. सोव्हिएत संघाशी करार झाला होता 1955 मध्ये; तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे रायपूर, दुर्ग, राजनांदगाव या पट्ट्यात मराठी घरे आधीपासून होतीच. कारखान्याने विदर्भातून आणखी माणसे आणली. तमिळ, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, ओडिया कुटुंबे शेजारी आली. सेक्टरांतल्या शाळांच्या मधल्या सुट्टीत पोळी-भाजीच्या डब्याशेजारी इडलीचा, पराठ्याचा डबा उघडू लागला. साताऱ्याला जी पंगत जिद्दीने मांडावी लागली ती येथे कारखान्याच्या भोंग्याबरोबर काहीशी आपोआप जमली. तथापि डबा उघडणाऱ्यांचीच ती पंगत होती. टाऊनशिपच्या कुंपणापलीकडच्या वस्त्यांत आणि खेड्यांत, सकाळी बासी खाऊन शाळेत आलेल्या मुलाच्या दप्तरात डबा नसे.

त्या मुलासाठी केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1995 रोजी योजना आणली. पण बहुतेक राज्यांत तिचे रूप महिन्याला तीन किलो कोरडे धान्य घरी देण्याचे झाले. धान्य घरी गेले की ते घराचे होते. मुलाच्या ताटात किती पडते हे शाळेला कळत नाही. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवणच द्यावे असा आदेश दिला आणि त्यात किमान 300 उष्मांक व 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असावीत असे बजावले. 20 एप्रिल 2004 च्या आदेशाचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असे त्यात आहे. लक्ष्मीबाईंनी आपल्या चुलीवर जे केले त्याची दुसरी बाजू येथे कायद्याच्या भाषेत आली : कोणाला वाढायचे एवढेच नव्हे, तर कोणाच्या हातचे खायचे, हेही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे भोजन आठवीपर्यंतच्या मुलांचा हक्क ठरले. दया आणि हक्क यांत फरक असा, की दयेने वाढलेल्या ताटाला मूल जाब विचारू शकत नाही.

आजचे प्रमाण प्राथमिक वर्गांसाठी 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने असे आहे. त्यासाठी रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरले जाते. हिशेब करून पाहिला तर तांदळातून साधारण साडेतीनशे उष्मांक व सात ग्रॅम प्रथिने मिळतात, डाळीतून आणखी साडेचार. म्हणजे डाळ पातळ झाली की प्रथिनांचे गणित तिथेच कोसळते, आणि पोट मात्र भातानेही भरते. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी आहेत, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे; चकचकीत वेष्टनातील कुरकुरे घेऊन येणाऱ्या सुखवस्तू मुलाचा डबाही या हिशेबात नापास होतो. छत्तीसगडच्या परसात पिकणारी लाल भाजी, मुनग्याचा पाला, कुळीथ ही सारी स्वस्त आणि कसदार आहेत. अंड्याचा प्रश्न वेगळा. 2019 मध्ये राज्य शासनाने शाळेच्या जेवणात अंडे देण्याचे ठरविले तेव्हा कबीरपंथी समाजाकडून विरोध झाला. ज्यांना नको त्यांना दुसरे प्रथिनयुक्त काही मिळावे हे रास्तच. ज्यांच्या घरी ते चालते त्यांच्या ताटातून ते काढून घेण्याचे कारण मात्र पटण्यासारखे नाही.

भिलाईत 2009 पासून अक्षयपात्र फाउंडेशनचे मध्यवर्ती स्वयंपाकघर चालते. ते उभारण्यात भिलाई इस्पात संयंत्राचा हातभार आहे. बंगळूरला जून 2000 मध्ये पाच शाळांतील 1500 मुलांपासून सुरू झालेले हे काम आज अनेक राज्यांत पसरले आहे. धान्य व ठरीव खर्च सरकारचा, वरची भर देणगीदारांची. वाफेवर चालणाऱ्या प्रचंड भांड्यांत पहाटे शिजलेले अन्न बंद गाड्यांतून शाळोशाळी जाते. स्वच्छतेची व मापाची हमी हा या पद्धतीचा गुण. दुसरीकडे, राज्यातील बहुसंख्य शाळांत महिला बचत गट शाळेतच रांधतात. तेथे फोडणीचा वास वर्गापर्यंत येतो आणि वाढणारी बाई मुलाला नावाने ओळखते. शहरात पहिली आणि खेड्यात दुसरी पद्धत इष्ट, असे म्हणता येईल. दोन्हींतून एकच निवडण्याचा हट्ट नको. महाभारतातले अक्षयपात्र द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच भरलेले राही, तिने खाल्ले की त्या दिवसापुरते रिते होई. ती शेवटी जेवत असे म्हणून सर्वांना मिळत असे. साताऱ्याच्या चुलीला ही कथा चांगली लागू पडते.

2024 मध्ये छत्तीसगड शासनाने ‘न्योता भोजन’ सुरू केले. वाढदिवस, लग्न, पुण्यतिथी अशा निमित्ताने कोणीही शाळेतील मुलांना पूर्ण जेवण, एखादा जादा पौष्टिक पदार्थ वा स्वयंपाकघराची भांडी देऊ शकतो. रोजचे सरकारी जेवण बंद होत नाही. त्यात भर पडते. मुष्टिफंडाचेच हे नवे रूप. मात्र एका दिवसाचे श्रीखंड देऊन छायाचित्र काढणे सोपे, वर्षभर रोज मूठभर शेंगदाणे-गूळ पुरविणे अवघड. आणि मुलांच्या हाडामांसाला उपयोग दुसऱ्याचा.

महोत्सवी वर्षात शाळांकडे निधी येतो. तो बहुधा प्रवेशद्वार, रंगमंच, नामफलक यांकडे वळतो; त्यांचीही गरज असते. पण जेवण दुपारी मिळते आणि शाळा सकाळी भरते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळच्या न्याहारीची शिफारस केली आहे, तमिळनाडूने 2022 पासून ती प्रत्यक्षात आणली आहे. पहिल्या तासाला गणित असते. पोहे छत्तीसगडात पिकल्या भाताचे, घराघरांत होणारे. शंभर मुलांसाठी रोज सहा-सात किलो पोहे, दोन-तीन किलो शेंगदाणे, थोडे तेल, लिंबू, कढीपत्ता एवढेच साहित्य लागते. शाळेच्या साठ तुकड्या आजवर बाहेर पडल्या. प्रत्येक तुकडीने वर्षातले चार दिवस वाटून घेतले तरी दोनशे चाळीस दिवस होतात. शाळेचे कामाचे दिवस त्याहून थोडे कमीच भरतात.