सिझ्वे बान्सीचं नाव आणि आपलं नामांतर

माझा प्रबंध हौशी आणि विद्यार्थी रंगभूमीवर आहे. ‘सिझ्वे बान्सी इज डेड’ हे आफ्रिकी नाटक जळकोटच्या कॉलेजची पोरं आणि गावकरी मिळून करायचं म्हटलं, तर ते इथं रुजेल का? या प्रश्नावर सध्या मी अडकलेय. मला वाटतं, रुजेल. पण आपण समजतो त्या कारणानं नाही.

आधी नाटकाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला लागून न्यू ब्रायटन ही काळ्या लोकांची वस्ती. १९६३ मध्ये तिथल्या काही हौशी मंडळींनी गोरे नाटककार ॲथोल फ्युगार्ड यांना गाठलं. त्यातून ‘सर्पंट प्लेअर्स’ ही नाटकमंडळी उभी राहिली. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि मधूनच एखादा नट पोलीस उचलून नेणार! सुरुवातीला त्यांनी मॅकियाव्हेली, ब्रेश्त, सोफोक्लीस यांची तयार नाटकं केली. पुढे जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना या दोन नटांनी फ्युगार्डसोबत तालमीतच हे नाटक रचलं. १९७२ साली केपटाउनला पहिला प्रयोग झाला.

सिझ्वे कामासाठी शहरात येतो. त्याच्या पासबुकावर शहर सोडून जाण्याचा शिक्का बसतो. रात्री रस्त्यात एक मेलेला माणूस सापडतो, त्याच्या पासबुकात कामाचा परवाना आहे. दोस्त म्हणतो, फोटो बदल, त्याचं नाव घे. पोट भरेल, पण सिझ्वे बान्सी मरेल. मग आपल्या लेकरांनी कुणाचं नाव लावायचं? सगळं नाटक या घालमेलीवर उभं आहे. नाटकाबाहेरची परिस्थिती तर त्याहून विचित्र. काळ्या माणसाच्या कागदांवर ‘नट’ हा धंदा मान्यच नव्हता, म्हणून कानी आणि न्टशोना यांची नोंद फ्युगार्ड यांचे घरगडी म्हणून केलेली होती. खोट्या नोंदीवर जगणारे दोघे खोट्या नावाचं नाटक करत होते.

आता आपल्याकडे या. १९७२ हेच मुंबईत दलित पँथरच्या स्थापनेचं साल. पँथरनं नाव अमेरिकेतून घेतलं. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनीही अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. आफ्रिकेकडे मात्र आपलं लक्ष त्या मानानं कमीच गेलं. नाटकाची परंपरा आपल्याकडेही होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ १९५५ मध्ये केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, धर्मांतराच्या दिवशी, ते अफाट गर्दीपुढे झालं. न्यू ब्रायटनच्या मंडळींनी ग्रीकांचं नाटक उसनं घेतलं होतं. मिलिंदच्या पोरांकडे स्वतःचं होतं.

आणि नाव? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. घरं जळाली. नाव बदललं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ शब्द ठेवून. एका नावासाठी सोळा वर्षं. सिझ्वेची घालमेल इथल्या माणसाला उकलून सांगावी लागणार नाही.

तरी पासकायदा आणि जात एकच, असं सरधोपट म्हणू नका. तिकडे कायदाच माणसाला हाकलत होता. इकडे कायदा भेदाला मनाई करतो, पण आडनाव विचारायचं थांबत नाही. भाषांतर करताना हा फरक पुसला गेला तर नाटकाचं वाटोळं होईल.

दुसरी अडचण अगदी साधी आहे. पासबुक म्हटलं की जळकोटात बँकेचंच आठवणार. ‘ओळखपत्र’ फार गुळमुळीत वाटतं. मी सध्या ‘दाखला’ लिहून ठेवलाय. जातीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा असे दाखले काढायला तहसीलला खेटे घातलेल्या माणसाला या शब्दाचं वजन ठाऊक असतं. फक्त एक खटकतं: दाखला मागावा लागतो, पासबुक लादलं जायचं.