कांदिवलीची छोटी संस्था आणि बास्केटबॉलची गुरुपरंपरा

१/ खेळाचा इतिहास आपण बहुधा विजेत्यांच्या यादीतून वाचतो. बास्केटबॉलचा इतिहास त्या यादीत मावत नाही. तो लहान महाविद्यालयांत घडला आणि घडवणारे मुख्यतः शिक्षक होते. स्प्रिंगफील्ड, मद्रास आणि आपली कांदिवली यांना जोडणाऱ्या एका कल्पनेची ही गोष्ट.

२/ डिसेंबर १८९१. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेले १८ विद्यार्थी. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी ३० वर्षांच्या जेम्स नेस्मिथ यांना छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितले.

३/ शाळेच्या रखवालदाराने पीच फळांच्या दोन टोपल्या दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला १० फुटांवर ठोकल्या गेल्या. नेस्मिथ यांनी १३ नियम लिहिले, चेंडू फुटबॉलचा घेतला आणि ९-९ जणांचे दोन संघ पाडले.

४/ महत्त्वाची बाब पुढे आहे. ते १८ जण इतरांना घडवण्याचे शिक्षण घेत होते. अभ्यासक्रम संपताच ते जिथे गेले तिथे खेळ गेला. त्या वर्गात गेन्झाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थीही होता.

५/ नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० गमावले. आकडे पाहिले तर अपयशी! पण त्यांचा शिष्य फॉग ॲलन आणि ॲलनचे शिष्य ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ हे अमेरिकेतील थोर प्रशिक्षकांत गणले जातात. गुरूचे मोजमाप कशाने करावे, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

६/ स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले हॅरी क्रो बक १९१९ साली मद्रासला आले. १९२० मध्ये त्यांनी वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. तीच पुढे महाविद्यालय झाली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाचे व्यवस्थापकही बकच होते.

७/ १९३६, बर्लिन. ऑलिंपिकमध्ये प्रथमच बास्केटबॉलची पदकस्पर्धा झाली आणि ती पाहायला वृद्ध नेस्मिथ हजर होते. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली.

८/ १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. शाळांतील शारीरिक शिक्षणाची घडी बसवण्याच्या कामात कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद अग्रभागी होते. १९३८ मध्ये कांदिवलीत शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तेव्हा कांदिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती.

९/ ही संस्था मिशनची नव्हती, प्रांतिक सरकारची होती. तत्त्व मात्र तेच : खेळाडू एकेकटे घडवण्यापेक्षा त्यांना घडवणारा शिक्षक आधी घडवा. गुजरातपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या प्रांतात शाळाशाळांना असा शिक्षक हवा होता.

१०/ मुंबईत बास्केटबॉलचे माहेरघर ठरले नागपाडा, तेही तिथल्या मस्तान वायएमसीएच्या मैदानामुळे. याच मैदानावर घडलेल्या अब्बास मुंतसिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

११/ आता दोन सनावळी शेजारी ठेवा. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ पासून. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून. शिष्याचा गौरव आधी झाला, गुरूच्या गौरवाला आणखी २४ वर्षे लागली. तोही पदक मिळवून देणाऱ्यांचा. शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या शिक्षकासाठी त्यात जागा नव्हती.

१२/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर : तुमचे महाविद्यालय कुठलेही असो, जिमखान्याच्या भिंतीवर संघाचे जुने छायाचित्र असेलच. खेळाडूंच्या रांगेच्या टोकाला उभी असलेली ती प्रौढ व्यक्ती कोण, हे जुन्या वार्षिक अंकात शोधा. नाव आणि साल टिपून ठेवा. इतिहासाचे साधन असेच जमा होते.

#इतिहास #बास्केटबॉल #कांदिवली