हृदय व ग्रीवावाहिन्या-तपासणी (परिचर्या)

रुग्णाची कैफियत ऐकून घेऊन, नंतर दृष्टी, स्पर्श व श्रवण या क्रमाने हृदयाची आणि मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांची अवस्था अजमावण्याची पद्धती. परिचर्येच्या विद्यार्थिनीस ती खाटेजवळच शिकावी लागते. छातीवर बोटांनी ठोकून हृदयाची सीमा ठरविण्याची जुनी रीत आता बहुतांशी मागे पडली आहे.

‘दम लागतो’, ‘छातीत धडधडतं’ एवढे सांगून रुग्ण थांबतो. तपासणीस तेवढ्यावर थांबता येत नाही. गोरेगाव स्थानकाचा पूल पूर्वी एका दमात चढणारा इसम हल्ली मध्यावर कठड्याला टेकतो काय, रात्री एका उशीच्या जागी तीन लागतात काय, संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलात रुततो काय, अशी पृच्छा केली म्हणजे त्या मोघम शब्दांना मोजमाप येते.

यानंतर स्टेथोस्कोपकडे हात जाणे स्वाभाविक असले, तरी प्रथम मानेकडे पाहावे. उजवी अंतःस्थ जुगुलर नीला जवळजवळ सरळ रेषेत उजव्या अलिंदास मिळत असल्यामुळे तेथील दाब तिच्यातील रक्तस्तंभाच्या उंचीवरून डोळ्यांना दिसतो. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश उचलावे, रुग्णाची मान किंचित डावीकडे वळवावी व विजेरीचा प्रकाश तिरपा टाकावा. समोरून टाकलेल्या उजेडात, विशेषतः सावळ्या त्वचेवर, स्पंदन हरवून जाते. दुसरी बरगडी उरोस्थीस मिळते तेथील उंचवट्यापासून स्पंदनाच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची मोजावी, ही रीत सर टॉमस लुईस यांनी १९३० मध्ये रूढ केली. ही उंची ३ सेंमी.हून अधिक भरल्यास दाब वाढला असे समजतात. दाब फारच वाढला असता ते टोक जबड्याआड लपते आणि नवशिक्या नजरेस मान निर्दोष वाटते; अशा वेळी रुग्णास अधिक सरळ बसवून पुन्हा पाहावे.

दिसते ते स्पंदन नीलेचे की कॅरॉटिड रोहिणीचे, हा संभ्रम पहिल्या वर्षी सर्वांनाच पडतो. नीलेचे स्पंदन दर ठोक्यास सहसा दुहेरी असते, बोटास लागत नाही, गळपट्टीच्या हाडाजवळ हलके दाबल्यास नाहीसे होते आणि बसल्यावर व श्वास आत घेताना खाली उतरते; रोहिणीचे एकेरी स्पंदन यांपैकी कशालाच दाद देत नाही.

कॅरॉटिड चाचपताना मात्र हयगय मुळीच चालत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबू नयेत, कारण मेंदूचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. आणि बोटे मानेच्या खालच्या अर्ध्या भागातच ठेवावीत, कारण जबड्याखालील संवेदनशील भागावर दाब पडल्यास, विशेषतः वृद्धांत, नाडी एकाएकी मंदावते. म्हणून वयस्कर रुग्णात आधी श्वास रोखावयास सांगून स्टेथोस्कोपच्या घंटेने ऐकावे. फुंकरीसारखा आवाज आल्यास वाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी व ती बाजू न चाचपता वरिष्ठांस कळवावे. आवाज नाही म्हणून अरुंदपणा नाही, असे मात्र ठरत नाही.

छातीवर हृदयाग्राचा ठोका प्रौढात सामान्यतः पाचव्या व सहाव्या बरगड्यांमध्ये, डाव्या गळपट्टीच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेषेवर लागतो. तो खाली व बाहेर सरकल्यास डावा निलय मोठा झाल्याचा संशय येतो. श्रवणास दुसऱ्या बरगडीखाली उजवीकडून आरंभ करून, डावीकडे व उरोस्थीच्या डाव्या कडेने उतरत हृदयाग्राशी यावे. कॅरॉटिडच्या उसळीबरोबर येतो तो पहिला ध्वनी, हे ध्यानी ठेवल्यास घोटाळा होत नाही. वॉर्डातील पंखा, मोबाइल व नातेवाइकांची कुजबुज क्षणभर थांबविण्याची तजवीज करावी, कारण संधिवाती ज्वरामुळे अरुंद झालेल्या मायट्रल झडपेची मंद गुरगुर, रुग्णास डाव्या कुशीवर वळवून घंटा अलगद टेकवली तरच कानी येते. ज्या मुंबईत १९६८ च्या फेब्रुवारीत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले, तेथेही झडपेच्या विकाराची पहिली शंका अशा गुरगुरीवरूनच यावयाची.

स्त्री-रुग्णाच्या तपासणीत पडदा ओढणे, जरुरीपुरताच पदर बाजूस घेणे आणि ‘मावशी, नळी लावून ऐकते हं, गार लागेल’ असे आधी सांगणे, हे शिष्टाचाराचे कलम नसून तपासणीचाच भाग होय. संकोचाने श्वास व नाडी दोन्ही बिघडतात. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक यांनी कागदाची सुरळी प्रथम छातीस लावली, तीही एका तरुण स्त्रीच्या छातीस कान टेकविणे अप्रशस्त वाटल्यामुळेच.

नाडी अनियमित असल्यास एकीने हृदयाग्राचे व दुसरीने मनगटाचे ठोके एकाच घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि दोहोंतील तफावत दप्तरी लिहावी. नोंदीत ‘मान ठीक’ असा मजकूर निरुपयोगी. खाटेचा कोन, नीलेची उंची व वेळ लिहिली, तरच रात्रपाळीच्या सिस्टरला दुपारच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहता येतो.