उप्सालाच्या वनस्पतिफेऱ्या

आंब्याचे शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. हे नाव फळ्यावर लिहिले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, निदान यायला हवा. नावात दोनच शब्द का? एक का नाही, पाच का नाहीत? पाठ्यपुस्तक सांगते की कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली 'स्पेसीज प्लांटारम' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात द्विनाम पद्धती सरसकट वापरली. हे खरे आहे. पण त्यामुळे असे वाटते की एक विद्वान आपल्या अभ्यासिकेत बसला, त्याने विचार केला आणि नावे दोन शब्दांची केली. प्रत्यक्षात या दोन शब्दांच्या मागे पुष्कळ चालणे आहे. एकट्याचे नव्हे, दीडदीडशे जणांच्या घोळक्याचे चालणे.

वनस्पती ओळखण्यासाठी गुरूबरोबर गटाने रानात जाण्याची चाल लिनियसच्या आधीची. औषधे बहुतेक झाडपाल्याचीच होती, आणि पाला ओळखण्यात चूक झाली तर रोगी दगावे. त्यामुळे ही फेरी हौसेची नव्हती, धंद्याची गरज होती. लंडनमध्ये औषधविक्रेत्यांचा संघ १६१७ साली स्थापन झाला आणि उमेदवारांना शहराबाहेर नेऊन वनस्पती दाखवणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग बनला. या संघातील टॉमस जॉन्सन १६२९ साली आपल्या सोबत्यांना घेऊन केंट परगण्यात काही दिवस हिंडला आणि वाटेत दिसलेल्या वनस्पतींची यादी त्याने छापून काढली. ब्रिटनमधल्या एखाद्या ठरावीक भागाची छापलेली ही पहिली वनस्पती-यादी मानली जाते. म्हणजे शास्त्रीय वाङ्मयाचा हा प्रकारच मुळात सहलीच्या वृत्तांतातून निघाला!

पॅरिसमध्ये बेर्नार द ज्यूस्यू हे अशा फेऱ्या काढत. १७३८ साली लिनियस पॅरिसला गेला तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला होता. ज्यूस्यूंच्या विद्यार्थ्यांची एक गोष्ट सांगतात. वेगवेगळ्या झाडांचे भाग चिकटवून ते एक बनावट वनस्पती तयार करीत, गंभीर चेहऱ्याने गुरुजींपुढे धरीत आणि नाव विचारीत. ज्यूस्यू हसून एकेका तुकड्याचे नाव सांगून मोकळे होत. गोष्ट खरी असो वा रचलेली, ज्या शिक्षकाने मुलांना रानात नेले आहे त्याला ती पटेल.

लिनियस १७४१ साली उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि त्याने ही जुनी चाल उचलून तिला अगदी पलटणीचे रूप दिले. या फेरीला लॅटिनमध्ये 'हेर्बात्सिओ' म्हणत. आपण वनस्पतिफेरी म्हणू. शहराभोवती आठ वाटा ठरलेल्या होत्या. एक गोट्सुंडाकडे, एक गाम्ला उप्साला म्हणजे जुन्या उप्सालाकडे, एक वाक्सालाकडे, एक डान्मार्क या खेड्याकडे (देश नव्हे, उप्सालाजवळचे गाव), अशा. सकाळी निघायचे आणि संध्याकाळी परतायचे. १७५३ साली या आठ वाटांवर एक प्रबंधच प्रसिद्ध झाला. कोणत्या वाटेवर कोणत्या वनस्पती भेटतात, हे त्यात नोंदलेले आहे.

फेरीचे नियम लिनियसने १७५१ च्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका' या ग्रंथात दिले आहेत. कपडे हलके आणि सुटसुटीत हवेत. बरोबर भिंग, चाकू, सुई, शिसपेन्सिल, वनस्पती ठेवायला पत्र्याचा डबा आणि नोंदींसाठी कागद हवा. हजेरी घेतली जाई, नियम मोडणाऱ्याला दंड होई. विद्यार्थ्यांमधूनच कामकरी नेमलेले असत: एक शिस्त राखणारा, एक गुरुजी सांगतील ते उतरवून घेणारा आणि काही पक्षी टिपणारे बंदूकधारी. (पक्षी ओळखायचा तर तो मारूनच हातात घ्यायचा, असाच तो काळ होता.) मुले इकडेतिकडे पांगत, जे सापडेल ते गोळा करीत. साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने सगळे एकत्र येत आणि लिनियस हाती आलेल्या प्रत्येक नमुन्याचे नाव, ओळखीची खूण, त्याचा उपयोग आणि त्यावर राहणारे किडे यांबद्दल बोले. त्याचे बोलणे मिस्किल असे, आणि वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा या फेऱ्यांनाच गर्दी अधिक.

दुपारच्या मुक्कामाचा एक रिवाज मात्र आजच्या शिक्षकाच्या घशाखाली उतरणार नाही. एका टेबलावर वीसेक जणांची पाने मांडलेली असत. ज्यांना सर्वांत दुर्मीळ वनस्पती किंवा कीटक सापडले असतील त्यांनी गुरुजींबरोबर तिथे बसायचे. बाकीच्यांनी उभ्याने खायचे आणि पुढच्या खेपेची आशा धरायची. चढाओढीने नजर तीक्ष्ण होते हे मान्य केले, तरी ज्याला नेहमीचेच गवत नीट पाहावेसे वाटले त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. दुर्मिळाच्या मागे धावणारी फेरी आणि साध्याला निरखणारी फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संध्याकाळी ही वरात शहरात शिरे ती टोप्यांत फुले खोचून, निशाणे नाचवीत, शिंगे फुंकीत आणि नगारे वाजवीत. वनस्पती-उद्यानाच्या दारात लिनियसचा जयजयकार होई आणि मग मंडळी पांगत. विद्यापीठातल्या वडीलधाऱ्यांना हा थाट रुचणे शक्यच नव्हते. १७४८ साली तक्रारी झाल्या आणि लिनियसला गाजावाजा आवरता घ्यावा लागला. शिक्षणात मजा आली की शिस्त गेली, असे मानणारे सगळ्याच शतकांत असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या काळात वनस्पतीचे अधिकृत नाव म्हणजे एक लहानसे लॅटिन वर्णनच असे. इसबगोल ज्या प्रजातीतला आहे त्या प्लँटॅगोची एक युरोपीय जात घ्या. तिचे पूर्ण नाव होते 'प्लँटॅगो फोलिइस ओव्हॅटो-लान्सिओलॅटिस प्युबेसेंटिबस, स्पायका सिलिंड्रिका, स्केपो टेरेटी'. अर्थ असा की अंडाकृती-भालाकार लवदार पानांची, दंडगोलाकार कणसाची आणि गोल दांड्याची प्लँटॅगो. नाव वाचले की वनस्पती ओळखता यावी, हा यामागचा हेतू, आणि तो काही वाईट नव्हे. पण जवळची नवी जात सापडली की वेगळेपण दाखवण्यासाठी नावाला आणखी शेपूट लावावे लागे. ग्रंथालयात बसून हे चालते. ओल्या कुरणात, गुडघ्यावर कागद धरून, एका दिवसात दीडशे वनस्पतींची नोंद करायची असेल तर काय करणार?

ही अडचण सर्वांत जास्त जाणवली ती एका गमतीदार कामात. लिनियसने आपल्या विद्यार्थ्यांना गुरांच्या मागे पाठवले. कोणते जनावर कोणती वनस्पती खाते आणि कोणती नाकारते, हे प्रत्यक्ष पाहून लिहायचे. हेतू व्यवहाराचा होता: कुरणात काय वाढू द्यावे हे शेतकऱ्याला कळावे. १७४९ साली हे निष्कर्ष 'पॅन स्वेकिकस' या प्रबंधात प्रसिद्ध झाले. गाईबैल २७६ वनस्पती खातात, २१८ सोडतात. शेळी ४४९ खाते, १२६ सोडते. मेंढी ३८७ खाते, १४१ सोडते. घोडा २६२ खातो, २१२ सोडतो. डुक्कर ७२ खाते आणि १७१ सोडते. शेळीच्या आकड्यावर आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला आश्चर्य वाटणार नाही. खेड्यातल्या शाळेत हा तक्ता मुले आजही स्वतः बनवू शकतील, आणि त्यात शेळ्यांमागे हिंडणारी मुले वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांच्या पुष्कळ पुढे असतील.

अशा तक्त्यात प्रत्येक ओळीला दहा-बारा शब्दांचे नाव कसे मावणार? म्हणून 'पॅन स्वेकिकस'मध्ये प्रजातीच्या नावापुढे एकच शब्द जोडून काम भागवले आहे. वरची लांबलचक प्लँटॅगो झाली 'प्लँटॅगो मीडिया'. हा दुसरा शब्द वर्णन करीत नाही, तो फक्त खूण पटवतो, जसे आपण वर्गातल्या दोन सुरेशांपैकी एकाला 'उंच सुरेश' म्हणतो आणि पुढे तो सर्वांत उंच राहिला नाही तरी नाव टिकते. चार वर्षांनी 'स्पेसीज प्लांटारम'मध्ये सुमारे ५,९०० वनस्पतींना असे सुटसुटीत नाव मिळाले. गंमत म्हणजे लिनियसच्या लेखी खरे नाव लांबडेच होते; आखूड नाव त्याने समासात छापले. ते एक हाताशी असलेले साधन होते, टिपणवहीतली सोय. ग्रंथातले नाव मागे पडले आणि समासातले जगभर झाले.

या फेऱ्यांत तयार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी काही दूरदेशी गेले. डॅनियल सोलॅंडर १७६८ साली कॅप्टन कुकच्या जहाजावर होता; कार्ल थुनबर्ग १७७५ साली जपानला पोचला. काही जण परतले नाहीत. आपल्या बाजूलाही याचा धागा येतो. लिनियसच्या परिवारातला ओलोफ तोरेन हा जहाजावरचा पाद्री १७५० ते १७५२ च्या सफरीत सुरतेला येऊन गेला आणि तिथून त्याने लिनियससाठी माहिती गोळा केली. तोरेनिया ही फुलझाडांची प्रजाती त्याच्याच नावाची. योहान केनिग उप्सालात शिकला आणि १७६८ साली तामिळ किनाऱ्यावरच्या डॅनिश वसाहतीत, त्रंकेबारला आला. विल्यम रॉक्सबर्गला भारतीय वनस्पतींच्या कामात याच केनिगची साथ लाभली आणि १७८५ साली केनिग वारला तो भारतातच.

पण आखूड नावांचा याहून मोठा परिणाम विद्यापीठाबाहेर झाला. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागावरचे विणकर आणि इतर कारागीर वनस्पतिशास्त्राचा ध्यास घेऊन होते. रविवार हा त्यांच्या सुट्टीचा एकच दिवस. गटाने माळावर जायचे, वनस्पती जमवायच्या आणि मग गावातल्या दारूच्या गुत्त्यात टेबलावर त्यांचा ढीग मांडायचा. वर्गणीतून पुस्तके येत. अध्यक्ष एक वनस्पती उचले, डावीकडच्याला देई आणि तिची दोन नावे सांगे. तो ती नावासकट पुढच्याच्या हाती देई. अशी ती वनस्पती आणि तिचे लॅटिन नाव खोलीभर फिरे. जॉन हॉर्सफील्ड (१७९२–१८५४) हा विणकर अशा मंडळाचा अध्यक्ष होता. लिनियसच्या चोवीस वर्गांची नावे त्याने मागाच्या खांबाला टाचून ठेवली होती, म्हणजे विणता विणता नजर जाई आणि पाठ होई. बारा शब्दांचे नाव अशा रीतीने कानोकानी फिरले नसते. लॅटिन न शिकलेल्या माणसाला दोन शब्द मात्र तोंडात बसवता आले.

या विणकरांना चालायला मोकळा माळ लागे. उप्सालाच्या घोळक्यापुढे विद्यापीठाचा प्राध्यापक होता. यांच्या पाठीशी कोणी नव्हते. इंग्लंडात सार्वजनिक जमिनींना कुंपणे पडत गेली, आणि मँचेस्टरजवळचे उंच पठारी माळ जमीनदारांनी ग्राउज पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवले. शहरातल्या गिरण्यांतून रविवारी बाहेर पडणाऱ्या पायी फिरणाऱ्यांना रखवालदार हाकलून देऊ लागले. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे जण ठरवून, जाहीरपणे, किंडर स्काउट या पठारावर चढले. झटापट झाली. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये किंडरचा हाच परिसर ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनला. इंग्लंड आणि वेल्समधल्या खुल्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क कायद्याने मिळायला मात्र २००० साल उजाडले. वनस्पतींचे शास्त्र शिकवताना या हकिगतीला आपण सहसा जागा देत नाही. माझ्या मते ती द्यायला हवी, कारण जिथे पाय ठेवता येत नाही तिथली वनस्पती शिकवता येत नाही.

लिनियसच्या आठही वाटा आज खुणा लावून राखलेल्या आहेत आणि वाटाड्याबरोबर गटाने त्यांवरून जाता येते. दृश्य अर्थात बदलले आहे. गोट्सुंडा आता मोठमोठ्या इमारतींचे उपनगर आहे, आणि पुष्कळशी ओली कुरणे निचरा करून शेतीखाली गेली आहेत. हे बदल नेमके किती, हे सांगता येते ते त्या जुन्या याद्यांमुळेच: अमुक वाटेवर अमुक वनस्पती, असे विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले म्हणून आज ती तिथे आहे की नाही हे जाऊन पाहता येते. शहराच्या दक्षिणेला कुंग्सेंगेन नावाचे एक ओले कुरण अजून शिल्लक आहे. फ्रिटिलारिया मेलिआग्रिस ही जांभळ्या चौकड्यांची, खाली मान घातलेली फुले लिनियसच्या काळी तिथे फुलत. मे महिन्यात ती अजूनही फुलतात आणि लोक गटागटाने ती पाहायला जातात. कुरणाची कापणी नेमाने केली जाते, कारण गवत माजले की ही फुले त्याखाली गुदमरतात.