तार तुटली तर?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि नागपूरची अनेक मराठी कर्मचारी-कुटुंबे भोपाळला आली. आमच्या वडिलांच्या सामानात मिरजेचा एक तानपुरा होता; त्याच्या गवसणीच्या खिशात जादा तारांची पुडी असे. आजचे लॅपटॉपवादक जिला 'बॅकअप' म्हणतात, ती हीच सोय.

जुन्या मैफलीत ही सोय मांडणीतच मुरलेली होती. गायकामागे दोन तानपुरे असत. एकाची तार तुटली तरी दुसरा षड्ज धरून ठेवी, तेवढ्यात शिष्य नवी तार चढवून जवारी लावून घेई. तबलजीजवळ हातोडी असेच. देवासच्या कुमार गंधर्वांची तानपुरे जुळवण्यातील चिकित्सा तर सर्वश्रुत आहे.

बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा सिद्ध केला, आणि पाहता पाहता ती पेटी घरोघरी आली. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. भोपळा सांभाळत रेल्वेने प्रवास केलेल्यांनाच तिचे मोल ठाऊक. मात्र जुळवणारे हात कमी झाले, हेही खरेच.

त्याचा प्रत्यय आम्हांला २००२ च्या गणेशोत्सवात आला. २००० साली छत्तीसगड वेगळे होऊन कोरब्याची वीजकेंद्रे तिकडे गेली होती, आणि आपल्याकडच्या भारनियमनाने सगळेच त्रस्त होते. एका मंडळात ख्याल रंगात आला असता वीज गेली. जनरेटरमध्ये डिझेल नव्हते, यंत्रात सेल नव्हते! घर जवळच, म्हणून आम्ही धावत जाऊन वडिलांचा तानपुरा आणला. त्यावर दोनच तारा उरल्या होत्या, आणि त्या जुळवील असे आमच्यापैकी कोणीही नव्हते. अखेर पेटीवाल्याने षड्ज दाबून धरला. ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे बंदी केली होती, तिनेच त्या रात्री लाज राखली. मागचे श्रोते सतरंजी ओढून पुढे सरकले आणि बाईंनी माइकविना भैरवीपर्यंत गायन नेले.

आमचा भाचा आता लॅपटॉपवर संगीत सादर करतो. त्याची तयारी पाहून आम्ही थक्क झालो. तोच कार्यक्रम भरलेला दुसरा लॅपटॉप शेजारी चालू असतो, दोन्हींच्या तारा मिक्सरला जोडलेल्या. एक गोठला की दुसऱ्याचा आवाज वर. शिवाय मोबाइलमध्ये सलग वाजणारी एक प्रत, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होईतो शांतता पडू नये. "आणि वीज गेली तर?" आम्ही विचारले. "लॅपटॉपला बॅटरी आहे, मामा." "आणि ध्वनिक्षेपकांना?" तो क्षणभर थांबला. पुढच्या कार्यक्रमाला त्याने एक पेटीवाला सोबत घेतला.

वडिलांच्या तानपुऱ्यावर आम्ही गेल्या दिवाळीत चारही तारा चढवून घेतल्या. पंचम अजून आमच्या हाताने नीट लागत नाही.