वसईच्या घंटा

माझी एक मावशी नाशिकची. घरात कोणी चढ्या आवाजात बोलू लागले की ती हातातले काम न सोडता म्हणायची, "झाली सुरू नारोशंकराची घंटा!" मग आम्ही मुले हळू बोलत असू. म्हणजे पाचेक मिनिटे!

पुढे गोदाकाठी ती घंटा डोळ्यांनी पाहिली आणि मावशीची उपमा किती नेमकी होती ते कळले. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या तटावर, नदीकडे तोंड करून, एका दगडी मेघडंबरीत ती टांगलेली आहे. नाशिककरांचा पूर ती मोजते. पाणी घंटेला लागले म्हणजे पुराची कमाल झाली, हा तिथला जुना हिशेब. पण माझे लक्ष पुराकडे नव्हते. घंटेवर रोमन अक्षरे आहेत आणि साल आहे १७२१. म्हणजे देऊळ उभे राहण्याच्या सव्वीस वर्षे आधी ही घंटा ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्याच्या मनात रामेश्वर खचित नव्हता. ती कोण्या चर्चसाठी ओतली होती.

अशा घंटा महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. पुण्यात बनशंकरीला आणि ओंकारेश्वराला, शिरूरला रामलिंगाला, एवढेच नव्हे तर पाली, थेऊर, सिद्धटेक या गणपतीच्या स्थानांनाही अशा घंटा असल्याचे सांगतात. चिमाजीअप्पांनी वसईहून पाच घंटा आणल्या अशी एक कथा रूढ आहे. पण हौसेने शोध घेणाऱ्यांनी गावोगाव फिरून ही मोजदाद केव्हाच पाचाच्या पुढे नेली आहे.

मी ठाण्यात राहतो, म्हणून या घंटांचे मला विशेष अगत्य. मासुंदा तलावाच्या काठी पहाटे फिरायला गेले की एका अंगाला कौपीनेश्वराची घंटा ऐकू येते आणि दुसऱ्या अंगाला संत जॉन बाप्तिस्ताच्या चर्चची. चर्च पोर्तुगीज अमदानीतले; कौपीनेश्वराचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास पुन्हा उभारलेले. तलाव तेवढाच, पाणी तेच. या दोन आवाजांच्या मध्ये जो इतिहास आहे, त्याला वसईची मोहीम म्हणतात.

मोहिमेची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच, म्हणून ती धावतच सांगतो. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि दोनशे वर्षे उत्तर कोकणचा हा पट्टा त्यांच्याकडे राहिला. १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाणे घेतले. पोर्तुगीजांचा ठाण्याचा कोट तेव्हा पुरता बांधूनही झाला नव्हता. ठाणे परत घेण्यासाठी पुढच्या वर्षाच्या अखेरीस पेद्रो द मेलो हा सेनापती चालून आला, तो तोफेच्या गोळ्याने पडला. शेवटी सुरुंगांनी तट फुटल्यावर १६ मे १७३९ रोजी वसई शरण आली. दोन्हीकडची माणसे इतकी मेली होती की जिंकणाऱ्यांनाही आनंद करायला घटकाभर थांबावे लागले असेल.

मला या तहातले एक कलम नेहमी आठवते. किल्ल्यातल्या शिबंदीला हत्यारांनिशी, निशाणे फडकवीत आणि नगारे वाजवीत बाहेर पडण्याची मुभा होती. त्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल, हेही ठरले होते. तेव्हा नगारे वाजत वाजत गलबतांवर गेले. घंटा मात्र मनोऱ्यांतच राहिल्या. नगारा गळ्यात अडकवून नेता येतो. दहा-पंधरा मणांची घंटा उतरवायची तर मनोऱ्याचा माथा उकलावा लागतो, दोर लागतात, वासे लागतात, आणि मुख्य म्हणजे ज्याला घाई नाही असा माणूस लागतो. पोर्तुगीजांना घाई होती. मराठ्यांना नव्हती.

या घंटा मग देशावर गेल्या कशा? लोक सांगतात, हत्तीवरून, वाजतगाजत. हत्तीची गोष्ट सुंदर आहे आणि दिवाळीत मुलांना सांगायला तर फारच चांगली. पण माझा आपला एक तर्क आहे. नकाशा उघडून पाहा. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. त्या पाण्याने वर आले की घोडबंदर लागते, ठाण्याच्या उत्तर अंगाने डोंबिवलीचा काठ लागतो, आणि मग कल्याण बंदर. कल्याण तेव्हा मराठ्यांकडेच होते, आणि घाटावर जाणाऱ्या वाटा तिथूनच सुटत. एवढे ओझे भरतीच्या पाण्यावर कल्याणपर्यंत आणायचे सोडून कोण शहाणा हत्तीच्या पाठीवर लादील? हा तर्कच आहे, याला कागद नाही. तरी मोठागावच्या रेतीबंदरावर उभे राहिले की एखादी पडावभर घंटा, गवतात गुंडाळलेली, भरतीबरोबर वर सरकत आहे असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते.

आता कोणी विचारील, घंटेचे एवढे काय घेऊन बसलात, ती काय वाद्य आहे? आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. वीणा पहिल्यात, बासरी दुसऱ्यात, मृदंग तिसऱ्यात, आणि टाळ, झांज, घंटा हे सारे घनवाद्यांत. घंटेचे कासेही साधे नव्हे. शंभर भागांत सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील असते. तोफेच्या धातूत कथील याच्या निम्मे. कथील वाढले की धातू ठिसूळ होतो, पण आवाज गोड होतो. तेव्हा घंटेची तोफ करायची तर तांबे आणखी घालावे लागते. पण ही काही मोठी अडचण नव्हे. रशियाच्या पीटर बादशहाने १७०० साली नार्व्हाच्या लढाईत तोफा गमावल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याने आपल्याच चर्चमधल्या घंटा उतरवून वितळवल्या आणि नव्या तोफा ओतल्या. फ्रेंच राज्यक्रांतीत घंटांची नाणी झाली. मराठ्यांनाही तोफांची चणचण होती. वसईच्या काही घंटा भट्टीत गेल्याही असतील. पण इतक्या घंटा वाचल्या आणि देवापुढे टांगल्या गेल्या, यावरून मला वाटते की आणणाऱ्याने त्या धातू म्हणून नव्हे, वाद्य म्हणून आणल्या.

तरीही दुसऱ्याचे वाद्य दुसऱ्याचेच. याला लूट म्हणावे की विजयचिन्ह, हा वाद घालणारे दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलतात. पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती, हे खोटे नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली जो हुकूम काढला, त्यात नवख्रिस्ती लोकांनी लग्नात हिंदूंची वाद्ये आणू नयेत असेही बजावले होते. म्हणजे वसईचे मनोरे मुके झाले त्याच्या तीनच वर्षे आधी गोव्यातल्या मांडवांतले सनई-चौघडे मुके करण्यात आले होते. वाद्य पळवण्याचा हाही एक प्रकारच. पण एका मांडवाचा सूर गेला म्हणून दुसऱ्या गावाचा सूर नेला, ही फेड काही मला पटत नाही. वसईचा शेतकरी, कोळी, सुतार, ज्याने ना इन्क्विझिशन काढले ना तहावर सही केली, त्याच्या दिवसाला त्या घंटेने आकार दिलेला होता. पहाटेची घंटा, दुपारची, तिन्हीसांजेची. कोणी गेले तर संथ ठोके, लग्न लागले तर भरभर. कोणाकडे घड्याळ होते? घंटा गेली तेव्हा त्या माणसाची घटिका गेली.

वाद्य गेल्यावर माणसे काय करतात, हे मी जवळून पाहिले आहे. डोंबिवलीला आम्ही राहत होतो तेव्हा आमच्या भजनी मंडळाच्या खोलीचे कुलूप एका रात्री फुटले. पेटी, पखवाज आणि टाळांचे बारा जोड गेले. पहिली एकादशी टाळ्यांवर निभावली. मग घराघरांतून टाळ गोळा झाले, पण ते एकत्र वाजले तेव्हा भांड्यांची मांडणी पडल्यासारखा आवाज झाला. बुवांनी एकेक जोड कानाशी धरून वाजवून पाहिला, सुरात बसणारे सात ठेवून घेतले आणि बाकीचे मानाने परत पाठवले. वर्गणी काढून नवी पेटी आली. तिच्या भात्याला हात बसेपर्यंत पेटीवाल्यांनी सहा महिने तोंड पाडले होते. आणि गंमत अशी की दीड वर्षाने जुनी पेटी सापडली. ती आली, तिची पूजा झाली, नारळ फुटला. पण नवी बाजूला सारा असे कोणी म्हणेना. मंडळात तेव्हापासून पेट्या दोन.

वसईकरांची कोणी पेटी परत आणून दिली नाही. पण ते गप्प बसले नाहीत. किल्ल्यातली चर्चे ओस पडली, छपरे गेली, भिंतींवर वड-पिंपळ उगवले. बाहेरच्या गावांतली चर्चे मात्र जगली. लोक राहिले, त्यांनी प्रार्थना चालू ठेवल्या, आणि नव्या घंटा टांगल्या. आज वसईच्या बागायतीत संध्याकाळी उभे राहा, एका चर्चची घंटा संपते न संपते तोच दुसऱ्या गावची ऐकू येते. त्या घंटा १७३९ च्या आधीच्या नाहीत, म्हणून त्यांचा सूर काही उणा पडत नाही.

जगात गेलेल्या घंटा परत आल्याच्याही गोष्टी आहेत. स्पेनमध्ये अल्मन्सूरने ९९७ साली सान्तियागोच्या चर्चच्या घंटा कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोव्याला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले असे सांगतात. १२३६ साली फेर्नांदो राजाने कोर्दोवा घेतले, तेव्हा दुसऱ्या पक्षाच्या कैद्यांच्या खांद्यावरून त्या परत आल्या. हिशेब चुकता झाला, खांदे तेवढे बदलले! दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपभरच्या पावणेदोन लाखांच्या आसपास घंटा उतरवल्या. त्यांतल्या बहुतेक वितळल्या, आणि उरलेल्यांचे हांबुर्गच्या बंदरावर ढीग पडले होते. त्या लोकांनी घंटांचे दफनच म्हणावे तसे ते दृश्य. फिलिपीन्समधल्या बालांगिगा गावच्या तीन घंटा अमेरिकन शिपायांनी १९०१ साली नेल्या. गावकऱ्यांनी त्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेवली, आणि ११७ वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्या तिन्ही गावात परत वाजल्या.

बालांगिगाला ठाऊक होते की आपली घंटा कुठे आहे. आमच्याकडे उलट आहे. घंटा समोर टांगलेली आहे, पण ती कोणत्या गावची हे बहुधा कोणाला ठाऊक नसते. तिच्या अंगावर लिहिलेले वाचायला कोणी थांबत नाही. कोणी त्यावर शेंदूर लावतो, कोणी तेलाचा रंग देतो, आणि अक्षरे बुजतात. या घंटा परत द्या असे मी म्हणत नाही. पावणेतीनशे वर्षांवर ज्या देवापुढे त्या वाजल्या, तिथेही त्यांचे एक घर झालेच आहे, जसे आमच्या मंडळात नव्या पेटीचे झाले. पण प्रत्येक घंटेशेजारी एक साधी पाटी असावी: हिच्यावर काय लिहिले आहे, कोणत्या साली ओतली, आणि साधले तर कोणत्या चर्चची. देवस्थानाला त्याचा खर्च एका अभिषेकाएवढा येईल. वसईहून मुद्दाम घंटा पाहायला जाणारी माणसे आहेत, त्यांना तरी आपले नाव तिथे वाचता यावे.

मेणवलीची घंटा या साऱ्यांत मला जवळची वाटते. तिथे नाना फडणीसांचा वाडा आहे, आणि तिला नानांची घंटा म्हणण्याची रीत पडली आहे. पण वसई पडली तेव्हा नानांचा जन्मच झाला नव्हता. ते जन्मले १७४२ साली. म्हणजे ही घंटा त्यांच्या दारी येण्याआधी आणखी कुठे तरी राहून आली असणार. घंटेवर साल १७०७ आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ ती टांगलेली असते. मी गेलो तेव्हा एक आजीबाई नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. पोराने त्या आकृतीवर बोट ठेवून विचारले, "हे कोण गं?" आजीबाईंनी चष्मा वर सारून क्षणभर निरखले आणि म्हणाल्या, "आई आहे, आणि तिचं बाळ आहे." मग पोराने हात उंच करून लोलक ढकलला, आणि समोरच्या काठावर धुणे धुणाऱ्या बाया वर बघू लागल्या.